मथुरा ऊर्फ हौशी

कामथडीच्या चिमाजी आणि कुंडलिक या दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा पंच सगळ्यात जास्त वेळ अडले ते म्हशीपाशी. बाकी सगळं दुपारपर्यंत उरकलं होतं. भाताचं बी मापानं अर्धं इकडं, अर्धं तिकडं. पाटा थोरलीकडं गेला म्हणून जातं धाकटीकडं आलं. घराच्या मधोमध कंबरभर उंचीची भिंत घालायची ठरली, कारण डोक्याइतकी घालायला विटा पुरेनात.

या वाटलेल्या वस्तूंचा पुढं कुणाला त्रास झाला नाही. थोरल्या घरच्या बियाला सोंडे लागले, तरी धाकटीच्या कणगीतला दाणा शाबूत राहिला. एकदा थोरलीचं दही नासलं, तेव्हा धाकटीनं भिंतीवरून चमचाभर विरजण दिलं. त्या विरजणाचं थोरलीनं पुढं गोड केलं की खारट केलं, याची धाकटीच्या गाडग्याला खबरही लागली नाही. दिलं ते दिलं, ते तिकडचं झालं.

म्हशीचं मात्र तसं होईना. म्हैस होती एकच. पंचांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि पाळी लावून दिली: एक पंधरवडा थोरल्याच्या गोठ्यात, एक धाकट्याच्या. अमावस्येला आणि पुनवेला दावं बदलायचं.

धाकटी म्हणजे बनाबाई, कुंडलिकाची बायको. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की रानातून हाक मारली तर सातारा रस्त्यावरच्या ट्रकवाल्यानं ब्रेक दाबावा. तिनं आपल्या पहिल्याच पंधरवड्यात म्हशीचं नाव ठेवलं, हौशी. थोरली ठकुबाई तिला मथुरा म्हणायची. झालं, तेव्हापासून बनाबाईच्या बोलण्यात एक हौशी होती आणि ठकुबाईच्या बोलण्यात एक मथुरा. ऐकणाऱ्याला वाटावं, या घरी दोन म्हशी आहेत. हळूहळू दोघींनाही तसंच वाटायला लागलं.

एकोणसत्तर साली, माघ संपत आला असताना, भोरच्या गुरांच्या दवाखान्यातला सावळाराम सायकल मारत कामथडीत आला. नसरापूरला दुभत्या जनावरांचं प्रदर्शन भरणार होतं. पहिल्या नंबराला पितळेची घागर, दुसऱ्याला पेंडीचं पोतं, तिसऱ्याला नुसतं प्रशस्तिपत्र. सावळारामाच्या पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा होता आणि वीस तरी फॉर्म भरून आण, असा त्याला हुकूम होता.

थोरल्या दारातून त्यानं मथुरेचा फॉर्म भरून घेतला, चहा घेतला आणि बाहेर पडून धाकट्या दारातून आत आला. भिंतीपलीकडून कान लावून बसलेल्या बनाबाईनं त्याला टेकूच दिलं नाही.

"आमचीबी लिवा. हौशी. काळी कुळकुळीत. कपाळावर पांढरा ठिपका."

"शेजारच्या म्हशीलाही ठिपका आहे म्हणाल्या," सावळाराम लिहिता लिहिता म्हणाला.

"आसंल. आमच्या हौशीचा जास्त पांढरा हाय."

"मालकाचं नाव?"

इथं बनाबाई अडली. नवऱ्याचं नाव घ्यायची पंचाईत. तिनं पदर दातात धरला. "पुंडलिकाच्या जवळपासचं हाय," ती म्हणाली. सावळारामानं 'पुंडलिक' लिहिलं, मग तिनं मान हलवली, तेव्हा 'कुंडलिक' केलं. म्हैस त्या वेळी माळावर चरत होती. बघू म्हणून त्यानं विचारलंही नाही. विसातले दोन फॉर्म झाले, याच आनंदात तो सायकलवर बसला. मथुरेचा नंबर चौदा, हौशीचा पंधरा.

तो पंधरवडा बनाबाईचा होता. दुसऱ्याच दिवशी तिनं न्हाव्याला बोलावून म्हैस भादरून घेतली आणि तिला खोबरेल तेल चोळलं. म्हैस अशी चकाकायला लागली की तिच्या अंगात गोठ्याचं दार दिसावं.

संध्याकाळी ठकुबाई भिंतीवरून वाकली. "बने, माझ्या मथुरेला कुणी भादरलं ग?"

"मथुरेचं मला काय ठावं, आक्का? म्या माझ्या हौशीला भादरलं."

"आन् माझी मथुरा थंडीनं कुडकुडतीया, ती?"

"तुमची मथुरा तुमी बघा. आमची हौशी बरी हाय."

ठकुबाईनं भिंतीवरची मान काढून घेतली. पण दुसऱ्या दिवशी म्हैस पाण्यावर गेली ती लाल शिंगं घेऊन परत आली. हुरमुंज लावली होती, ताजी, अजून ठिबकत होती. बनाबाईनं दारात कपाळावर हात मारला. आपण काही केलं नाही, कुणाला करू दिलं नाही, आणि आपली हौशी लाल! तिनं रॉकेलनं शिंगं पुसली, नीळ कालवली आणि दोन्ही शिंगं निळी केली. त्यावर ठकुबाईनं म्हशीच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधला. बनाबाईनं तो सोडून कवड्यांची माळ घातली. ठकुबाईनं ओढ्यावर गाठून पुन्हा लाल रंग दिला. आठ दिवसांत त्या शिंगांवर रंगाचे इतके थर चढले की ती बोटभर जाड दिसायला लागली.

खाण्याचंही तेच. बनाबाई सकाळी हौशीला सरकी चारायची. दुपारी ती विळा घेऊन रानात गेली की ठकुबाई भिंतीवरून मथुरेपुढं गुळाचा खडा आणि पेंड टाकायची. म्हैस दोन्ही नावांनी जेवत होती. ती फुगली, गोल झाली, रवंथ करताना डोळे मिटून घ्यायला लागली. दुधाची चरवी काठोकाठ भरायला लागली आणि बनाबाई गावभर सांगत सुटली की हे माझ्या सरकीचं. ठकुबाई सांगायची, माझ्या गुळाचं.

दोघे भाऊ यात नव्हते. ते संध्याकाळी घरामागं एकाच दगडावर बसून विडी ओढायचे.

"दादा, ह्या दोघी येकच म्हस घिऊन जायच्या का?" कुंडलिकानं एकदा विचारलं.

"त्यान्ला तसं वाटत न्हाई," चिमाजी म्हणाला. "आपुन बोलायचं न्हाई."

सरकारनं प्रदर्शन ठेवलं नेमकं अमावस्येला. बनाबाईचं म्हणणं, अमावस्या संपेस्तोवर पाळी माझी. ठकुबाईचं म्हणणं, अमावस्या लागली की माझी. उजाडताना बनाबाई गोठ्यात गेली, तर ठकुबाई आधीच म्हशीच्या डाव्या बाजूला उभी राहून दावं बांधत होती. बनाबाईनं उजव्या बाजूनं दुसरं दावं बांधलं. दोघी निघाल्या. एक म्हैस, दोन दावी, आणि मागं विड्या ओढत दोघे भाऊ.

नसरापूरचा रस्ता काही लांबचा नव्हे, पण त्या दिवशी तो संपता संपेना. ठकुबाईनं कमरेच्या पिशवीतून हुरमुंज काढली आणि चालता चालता आपल्या बाजूचं शिंग रंगवलं. बनाबाईनंही आपल्या बाजूचं रंगवलं. पलीकडच्या शिंगापर्यंत कुणाचाच हात पोचेना, कारण म्हैस आता फारच रुंद झाली होती. अशा रीतीनं ती डावीकडून लाल आणि उजवीकडून निळी होऊन नसरापूरच्या माळावर पोचली.

तिथं जनावरांच्या दोन ओळी होत्या, पाठीला पाठ लावून, मध्ये बांबूला बांधलेला ताडपत्रीचा पडदा. दारावरच्या कारकुनानं वहीतून मान वर न काढताच विचारलं, "चौदा?"

"म्या," ठकुबाई म्हणाली.

"पहिल्या ओळीत शेवटचा खुंटा. पंधरा?"

"म्या," बनाबाई म्हणाली.

"दुसऱ्या ओळीत पहिला. पडद्याच्या पल्याड. चला, पुढे व्हा."

चौदाचा खुंटा आणि पंधराचा खुंटा पडद्याच्या टोकाला, समोरासमोर होते. ठकुबाईनं आपलं दावं चौदाला बांधलं, बनाबाईनं पंधराला. म्हैस पडद्याचं टोक संपतं तिथं आडवी उभी राहिली: लाल शिंग आणि डावी कूस पहिल्या ओळीत, निळं शिंग आणि उजवी कूस दुसऱ्या ओळीत. ताडपत्री वाऱ्यानं फडफडून तिच्या पाठीवर पडली. कारकुनानं सांगितलं होतं तसंच सगळं झालं होतं. कुणी काही खोटं केलं नव्हतं.

जनावरं तपासायला पुण्याहून एक डॉक्टर आले होते. चष्मा जाड, आणि त्याचं एक भिंग तडकलेलं. ते पहिल्या ओळीत एकेका जनावरापाशी थांबत चौदापर्यंत आले.

"वा! काय कांती आहे! नाव?"

"मथुरा," ठकुबाई म्हणाली.

त्यांनी उंची घेतली, दात बघितले, कासेला हात लावला आणि सगळ्यांदेखत धार काढायला सांगितली. ठकुबाई बसली. चरवी भरली, दुसरी मागवावी लागली. डॉक्टरांनी लिहिलं: 'चौदा. लाल शिंगांची. उत्तम.' पडद्यापलीकडं बनाबाईला धारेचा आवाज ऐकू येत होता. तिला वाटलं, असू दे, आपली पाळी आली की बघतीलच आपली हौशी काय चीज आहे.

पहिली ओळ संपली, म्हणून डॉक्टर चहाला गेले. परत आले ते वळसा घालून दुसऱ्या ओळीत.

"पंधरा. वा, हीसुद्धा? नाव?"

"हौशी," बनाबाई छाती काढून म्हणाली.

सावळाराम टेप घेऊन उंची मोजायला पुढं झाला. त्यानं आकडा वाचला, पुन्हा वाचला. "साहेब, चौदाइतकीच भरतेय. एक बोटाचा फरक नाही."

"योगायोग," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही अगदी सारख्या. बाई, ही आणि ती शेजारची, बहिणी आहेत का?"

"आमी जावा हाओत," बनाबाई म्हणाली.

"म्हशी विचारतोय मी. बरं, धार काढा."

बनाबाई चरवी घेऊन बसली. तिनं पिळलं. काही नाही. तिनं कासेला पाणी मारलं, चुचकारलं, दोन्ही हातांनी पिळलं. चरवीच्या तळाला चार थेंब वाजले. म्हशीनं मान वळवून तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की बाई, एकदा दिलं ना.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "दिसायला जोडीची आहे, पण दुधाला कोरडी. पंधरा नंबर बाद."

बनाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्या बापाला कुणी चोर म्हटलं असतं, तरी तिनं एकवेळ ऐकून घेतलं असतं. पण हौशी कोरडी? पंधरा दिवस सरकी खाल्लेली हौशी?

"कोरडी कुनाला म्हंता?" तिचा आवाज अख्ख्या माळावर गेला. तीन बैल उठून उभे राहिले. "त्या दोन चरव्या भरल्यात न्हवं तिकडं, त्ये समदं माझ्या हौशीचं दूध हाय!"

"अहो, ते मथुरेचं दूध आहे. मी समोर उभा होतो."

"मथुरा म्हंजी हौशीच की!"

"तुमच्या दोघींच्या म्हशी सारख्या आहेत, मान्य आहे. पण—"

"सारख्या न्हाईत, सायेब! येकच हाय! ताडपत्री उचला!"

सावळारामानं ताडपत्री उचलली. डॉक्टरांनी निळं शिंग बघितलं. मग चार पावलं चालून पलीकडं गेले आणि लाल शिंग बघितलं. परत आले. त्यांनी वाकून म्हशीच्या पोटाखालून पाहिलं, तर पलीकडून ठकुबाई वाकून त्यांच्याकडं बघत होती.

"म्हणजे मी सकाळपासून," ते सावकाश म्हणाले, "एकच म्हैस दोनदा तपासली?"

"व्हय," ठकुबाई म्हणाली. "पर पहिल्यांदा माझी तपासली."

सावळारामाचं तोंड पांढरं पडलं. दोन्ही फॉर्मांवर त्याचीच सही होती. "साहेब, नावं दोन होती," तो पुटपुटला.

"नावं दोन असली म्हणून म्हशी दोन होतात का रे? तू जाऊन बघितलीस का एकदा तरी?"

गर्दी जमली होती. कुणीतरी पाठीमागून म्हणालं, दोघींनाही हाकला. कुणी म्हणालं, म्हशीचा काय दोष. चिमाजी आणि कुंडलिक एका लिंबाच्या बुंध्यामागं उभे होते आणि तिथून हलायचं त्यांच्या मनात नव्हतं. डॉक्टर मात्र मनानं चांगले होते आणि दूध त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी पंधराचा फॉर्म फाडला, चौदाच्या फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "मथुरा ऊर्फ हौशी. मालक चिमाजी व कुंडलिक. झालं समाधान?"

"ऊर्फ म्हंजी काय?" बनाबाईनं विचारलं.

"म्हणजे तीच, दुसऱ्या नावानं."

"मंग दुसरं माझं का? माझ्या हौशीला ऊर्फ का? हौशी ऊर्फ मथुरा लिवा!"

"बाई, कागदावर एक नाव आधी येतं, एक मागून येतं. म्हैस तेवढीच राहते."

"लिवनाऱ्याला काय जातं," बनाबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. घागरीसाठी ती कधीच रडली नसती.

दुपारी मांडवात निकाल लागला. भोंग्यावर बोलायला नसरापुरातला एक लग्नात पुकारे करणारा गडी होता. त्याच्या हातात चिठ्ठी होती आणि ती कुणाची आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो घसा साफ करून गरजला, "दुसरा क्रमांक! सौभाग्यवती मथुराबाई ऊर्फ हौसाबाई! त्यांनी आपल्या दोन्ही मालकांसह व्यासपीठावर यावं!"

मांडवात हसण्याचा असा लोट उसळला की मांडवाचा एक वासा निखळला. ठकुबाई आणि बनाबाई दोघीही उठल्या आणि दोघीही चढल्या. हार घालायला बोलावलेले पाहुणे गोंधळले. हार एकच होता.

"यातल्या मथुराबाई कोण?" त्यांनी विचारलं.

"ती भायेर रवंथ करतीया," ठकुबाई म्हणाली.

"आणि हौसाबाई?"

"तीबी," बनाबाई म्हणाली, आणि एकाएकी तिला हसू फुटलं. ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. ठकुबाईनं तिच्याकडं रागानं बघितलं, मग तिचेही खांदे हलायला लागले. पाहुण्यांनी हार कुणाच्याच गळ्यात न घालता टेबलावर ठेवला.

बक्षीस होतं पेंडीचं पोतं. ते चिमाजीनं पाठीवर घेतलं आणि परतीच्या वाटेला लागताच कुंडलिकानं भीत भीत विचारलं, "दादा, पेंड कशी वाटायची? घरी गेल्याव मापानं—"

"वाटायची कशाला?" पुढून ठकुबाई म्हणाली. "ह्या घरी ठिवा न्हाईतर त्या घरी. जानार येकाच पोटात."

वाटेतला ओढा दिसला तशी म्हैस दोघींना ओढत पाण्यात शिरली आणि बसली. लाल आणि निळा रंग पाण्यात उतरला आणि तिच्याभोवती जांभळं वर्तुळ पसरलं. भाऊ पोतं घेऊन पुढं गेले. दोघी जावा काठावर दगडावर बसल्या. बनाबाईनं फडक्यातली भाकर सोडली, ठकुबाईनं तिच्यावर आपल्याकडचा ठेचा ठेवला. भिंत घातल्यापासून दोघींनी एकत्र खाल्लं नव्हतं.

"आक्का," बनाबाईनं विचारलं, "तुमी तिला मथुरा का म्हंता?"

ठकुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "म्हायारी माझी येक मैतरीन व्हती. मथुरा. तिला लांब कुठं तरी दिली, कोकनात. परत गाठ न्हाई पडली. म्हनलं, तेवढंच रोज तोंडात नाव येतंय." मग तिनं विचारलं, "आन् तुझी हौशी?"

"म्या कुनाचंच नाव ठिवलं न्हवतं आजवर," बनाबाई म्हणाली. "पोरांची सासूबाईंनी ठिवली. माझं सुदिक तुमी समद्यांनी बदललं."

"तुझं?"

"व्हय. म्हायारचं सुंदरा. लगीन झालं आन् हितं बना केली."

ठकुबाईनं घास खाली ठेवला. चौदा वर्षं एका घरात, एका चुलीवर राहिल्या, मग एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्या, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. लग्नात ती स्वतः ओटीत तांदूळ घालायला होती. तिनं ते नाव मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं.

ऊन कलायला लागलं होतं. म्हैस उठेना. ठकुबाईनं हाक मारली, "मथुरेऽऽ!" म्हशीनं एक कान हलवला. बनाबाई ओरडली, "हौशेऽऽ, ऊठ!" म्हशीनं दुसरा कान हलवला. दोघींनी दावी ओढली, खडे मारले, पाण्यात उतरून तिच्या पाठीवर थापा मारल्या. म्हैस डोळे मिटून बसली ती बसली.

शेवटी ठकुबाई काठावर येऊन लुगड्याचा ओला काष्टा पिळायला लागली आणि जावेला म्हणाली, "सुंदरे, तू जरा दोन्ही दावी धर."

ते नाव ऐकताच म्हैस पाणी उडवत ताडकन उभी राहिली आणि काठ चढून कामथडीच्या वाटेला लागली.

दोघी तिच्याकडं बघत राहिल्या.

"ह्ये मातूर कुनाला सांगायचं न्हाई," बनाबाई म्हणाली आणि तिच्या मागं पळाली.